मुलीचा सहावा वाढदिवस, गच्चीवर, घरचंच खाणं: काय करू आणि किती करू?

अंबडचा_बाबा

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी माझी मुलगी ६ वर्षांची होतेय. "या वर्षी हॉटेल नको, घरीच करू" असं मीच घरात ठासून सांगितलं आणि स्वयंपाक माझ्याच गळ्यात पडला. बायको नर्स आहे, त्या दिवशी तिची सकाळची ड्यूटी. घरी पोचायला साडेतीन-चार वाजतील. आई निफाडहून आदल्या दिवशी येतेय, पण तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे तिला ओट्याशी उभं करायचं नाही असं आम्ही दोघांनी ठरवलंय. ती ऐकेल का हा वेगळा धागा होईल.

आता परिस्थिती. राहायला पाथर्डी फाट्याजवळ, तिसरा मजला, त्याच्या वर गच्ची. सोसायटी गच्ची देते, पण वर गॅस पेटवायला बंदी. मुलं २२, त्यात चार-पाच जणांची धाकटी भावंडं येणार, दोन-तीन वर्षांची. मोठी माणसं १४. वेळ संध्याकाळी ५ ते साडेसात. घरात तीन बर्नरची शेगडी, पाच लिटरचा कुकर, एक मोठं पातेलं, आणि शेजारच्या वहिनी इडलीपात्र देणार आहेत. केक धरून सहा हजारांत बसवायचंय.

मला पावभाजी चांगली येते. खिचडी, अंडाकरी, पोहे येतात. तळणातलं काही जमत नाही, भजी तेलात विरघळतात माझी.

मी कागदावर काढलेली यादी: पावभाजी, इडली-सांबार, ढोकळा, समोसे, नूडल्स, वेफर्स, गुलाबजाम, आइस्क्रीम, केक. बायकोने वाचली आणि विचारलं, "लग्न कुणाचं आहे?"

तर यातलं काय ठेवू, काय उडवू? अंदाज किती धरू? वर्गातली एक मुलगी जैन आहे, तिच्यासाठी वेगळं करायचं का? आणि आईचं म्हणणं, घरात केलेलं काहीतरी गोड पाहिजेच, केक म्हणजे काही गोडाधोडाचं नव्हे.


सिडकोची_काकू

दादा, तुमची बायको बरोबर बोलली.

माझं सिडकोत बरीच वर्षं पोळी-भाजी केंद्र होतं. वाढदिवसाच्या ऑर्डरी पुष्कळ केल्या आणि नंतर उरलेली भांडी परत आणायलाही मीच जायची, त्यामुळे कशात काय उरतं ते मला चांगलं ठाऊक आहे. समोसे अर्धे खाऊन टाकलेले असतात, आतला बटाटा बाजूला आणि पारी गायब. नूडल्स गार झाल्या की त्यांचा गोळा होतो. गुलाबजामाच्या पाकात कागदी ताटल्या भिजून जमिनीवर चिकचिक. आणि पातेलं रिकामं होतं ते फक्त मोठ्यांच्या खाण्याचं. मुलं वाढदिवसाला खेळायला येतात हो. पोरगं दोन घास तोंडात कोंबून पळतं, त्याची आई तिथेच उभी राहून त्याची ताटली संपवते. हिशेब याच्यावर बांधायचा.

म्हणून माझं सांगणं, एक गरम, एक गार, एक केक. आजींसाठी शिरा. बाकी सगळं कागदावरून खोडा.

गरम म्हणजे तुमची पावभाजी. जे हाताखालचं आहे तेच करावं, समारंभाच्या दिवशी नवीन प्रयोग नको. पण दोन भांड्यांत करा, मुलांची वेगळी आणि मोठ्यांची वेगळी. एकच भाजी करून "मुलांसाठी जरा कमी तिखट" म्हटलं की ती मोठ्यांना मिळमिळीत लागते आणि मुलांना तरी तिखटच लागते.

अंदाज लिहून घ्या. ६ वर्षांचं मूल शंभर ग्रॅम भाजी खाईल, सव्वाशे म्हणजे डोक्यावरून पाणी. मोठा माणूस अडीचशे. म्हणजे मुलांची सव्वादोन ते अडीच किलो तयार भाजी, मोठ्यांची साडेतीन. मोठ्यांच्या साडेतीन किलोला बटाटे दीड किलो, फ्लॉवर अर्धा किलो, टोमॅटो एक किलो, कांदे पाऊण किलो, सिमला मिरची पाव किलो, मटार पाव किलो सोललेले. फेब्रुवारीत ताजे मटार असतात, पण शेंगा घेणार असाल तर दुपटीहून थोड्या जास्त घ्या, निम्म्याहून अधिक वजन टरफलाचंच जातं. सोलायचं काम आजींना द्या. बसून होतं आणि त्यांनाही बरं वाटतं.

पाव मोजून सांगा बेकरीवाल्याला, लाद्या सांगू नका. कुणाच्या लादीत सहा, कुणाच्या आठ, मग ऐनवेळी घोळ होतो. मुलांना दीड धरा म्हणजे ३३, मोठ्यांना तीन धरा म्हणजे ४२. ८० पाव. शनिवारी दुपारी ताजे मागवा, आदल्या दिवशीचे नकोत. रंगासाठी ती लाल भुकटी घालू नका. भाजी शिजताना बिटाचा अंगठ्याएवढा तुकडा टाका, वर काश्मिरी मिरची, रंग छान येतो.

गार म्हणजे इडली. सांबार मुळीच नको, गच्चीवर सांबार म्हणजे बावीस फ्रॉक आणि शर्ट वाया. साध्या इडल्या दुपारीच करून ठेवायच्या, गार झाल्या की एकेकीचे चार तुकडे करायचे, तुपात जिरं, मोहरी, कढीपत्त्याची फोडणी करून त्यात हलक्या हाताने परतायचे. मिरची नाही. वरून चिमटीभर साखर आणि ओलं खोबरं, तेही खायच्या वेळीच. ओलं खोबरं दुपारपासून घालून ठेवलं तर संध्याकाळपर्यंत आंबूस वास मारतं. मुलं हे तुकडे बोटांनी उचलतात, चमचाही लागत नाही. ४० इडल्या पुरतात. एक किलो इडलीचा तांदूळ आणि पाव किलो उडीद डाळ भिजवलीत तर पन्नासच्या वर होतात, म्हणजे रविवारचा नाश्ताही निघाला.

पीठ आदल्या दिवशी सकाळी वाटा, रात्री नाही. नाशिकला फेब्रुवारीत रात्री गारठा असतो, पीठ चटकन फुगत नाही. पातेलं चादरीत गुंडाळून ओव्हनमध्ये, ओव्हन बंद ठेवून, नाहीतर धान्याच्या कोठीत ठेवा. हे नको असेल तर तयार पीठ आणा, त्यात लाज कसली? फक्त ते फार पातळ नाही ना ते बघून घ्या.

केक दीड किलो. पन्नास ग्रॅमचा तुकडा धरला तर तीस होतात आणि मोठ्यांतले निम्मे "नको हो, शुगर आहे" म्हणून अर्धाच घेतात. क्रीमचा केक कापायच्या वेळेपर्यंत फ्रिजमध्ये. गच्चीवर फोटोसाठी तासभर मांडून ठेवायचा नाही.

आणि शेवटचं, पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. आधी खाणं, मग केक. सगळीकडे उलट करतात. केक कापला, क्रीम पोटात गेलं, की मूल पावभाजीकडे ढुंकून बघत नाही. पाचला खेळ, पावणेसहाला खाणं, साडेसहाला औक्षण आणि केक. औक्षणाचं ताट तयार असू द्या, निरांजन, अक्षता, सुपारी, अंगठी. गच्चीवर वारा असतो, निरांजन टिकत नाही, म्हणून औक्षण खाली घरातच करा आणि मग वर जाऊन केक कापा. शिरा औक्षणानंतर वाटीभर वाटीभर. अर्धा किलो रव्याचा भरपूर झाला.


मिसळ_एके_मिसळ

नाशिकमध्ये राहून पावभाजी? ही मुंबईची मंडळी कधीपासून आली इकडे. मटकी भिजवा, रस्सा करा, पाव तुम्ही आणणारच आहात. फरसाण, कांदा, लिंबू, बाजूला दही. बजेट तीन हजारांत. मोठे खूश, आणि मुलांना नुसती उसळ-पाव द्या.


सिडकोची_काकू

भाऊ, मी नाशिकचीच आहे आणि रविवारी सकाळी मलाही मिसळच लागते. पण सहा वर्षांचं पोर रश्शाच्या वाटीजवळ बसवून बघा एकदा. तर्री डोळ्यात गेली की वाढदिवस कुणाचा होता तेही विसरायला होईल. तुमच्या वाढदिवसाला करा, मी येते.


कॉलेजरोडची_आई

मी जैन आहे, माझा मुलगा दुसरीत आहे, त्यामुळे दुसऱ्यांच्या वाढदिवसाला जाण्याचा अनुभव दांडगा आहे. वेगळं विचारलंत हेच बरं वाटलं. बहुतेक ठिकाणी "त्याला वेफर्स चालतात ना?" असं विचारतात, आणि वेफर्स बटाट्याचेच असतात.

सगळ्यांत आधी त्या मुलीच्या आईला फोन करा, कारण घराघरात फरक असतो. बटाटा, कांदा, लसूण, गाजर, बीट ही जमिनीखालची तर नाहीच चालत, म्हणजे काकूंनी सांगितलेला बिटाचा तुकडाही नको. फ्लॉवर कीड असते म्हणून बरेच जण खात नाहीत. रात्रभर आंबवलेलं पीठ आमच्याकडे चालतं, पण माझ्या सासरी चालत नाही, म्हणून इडलीचं नक्की विचारा. पावाचंही तेच. आणि अनेक घरांत सूर्यास्तानंतर मुलांनाही खायला देत नाहीत. फेब्रुवारीअखेर आपल्याकडे साडेसहाच्या थोडं पुढे सूर्य मावळतो. काकूंची पावणेसहाची वेळ त्यासाठी अगदी बरोबर आहे. केकही सव्वासहालाच कापलात तर ती मुलगी सगळ्यांबरोबर खाईल. नाहीतर तिच्या हातात केकचा डबा देऊन "उद्या सकाळी खा हं" म्हणतात, आणि तिचा चेहरा बघवत नाही.

केक अंड्याविरहित हवा हे बेकरीत सांगालच. पण वरचे रंगीत मणी, जेली, मार्शमेलो यांच्यात जिलेटिन असू शकतं, ते प्राण्यांपासून येतं. पाकिटावर हिरवा ठिपका बघून घ्या किंवा वर फक्त फळं आणि चॉकलेट लावायला सांगा.

आता माझी एक सूचना. तिच्यासाठी एका वाटीत वेगळी भाजी करू नका. मुलांना वेगळं ताट मिळालं की बाकीची मुलं येऊन विचारतात, "तुला हे का?" आणि सहा वर्षांच्या मुलीला त्याचं उत्तर देता येत नाही. काकू म्हणतायत की मुलांची भाजी वेगळ्या भांड्यात करायचीच आहे. मग ती सगळीच कच्च्या केळ्यांची करा की. बटाट्याऐवजी केळी, फ्लॉवरऐवजी दुधी, कांदा-लसूण नाही. लोणी, टोमॅटो आणि पावभाजी मसाला असला की बावीस मुलांतल्या एकालाही कळणार नाही. मसाल्याच्या पाकिटावर मात्र वाचून घ्या, काहींत लसूण किंवा कांद्याची पूड असते.


सिडकोची_काकू

हे मला सुचलं नव्हतं, छान आहे. केळ्यांचा हिशेब मी देते. डझनभर कच्ची केळी, दुधी अर्धा किलो, मटार अर्धा किलो सोललेले, टोमॅटो पाऊण किलो, सिमला पाव किलो. केळी सालासकट कुकरला लावा, दोन-तीन शिट्ट्या, मग साल आपोआप सुटतं. कच्ची सोलत बसलात तर हात काळे आणि केळीही काळी. कांदा नसल्यामुळे चव पोकळ लागते, ती भरायला टोमॅटो तेल सुटेपर्यंत परता आणि जिऱ्याबरोबर चिमूटभर हिंग. हिंग त्यांना चालतो ना, ताई? आणि एक लक्षात ठेवा, केळ्याची भाजी ठेवली की सिमेंटसारखी घट्ट होते. वाढताना शेजारी गरम पाण्याचं भांडं हवंच.


कॉलेजरोडची_आई

हिंग चालतो, काकू. हिंगावरच चाललंय आमचं.


बालवाडीताई

मी इंदिरानगरला बालवाडीत शिकवते, त्यामुळे माझं लक्ष त्या दोन-तीन वर्षांच्या भावंडांकडे गेलं. त्यांचा कुणी वेगळा विचार करत नाही, आणि घशात घास अडकण्याचा धोका त्यांनाच जास्त.

अख्खी द्राक्षं ठेवणार असाल, आणि फेब्रुवारीत नाशिकमध्ये कुणीतरी द्राक्षांची पेटी आणणारच, तर पाच वर्षांखालच्या मुलांना प्रत्येक मणी उभा चिरून चार फाकी करून द्या. आडवा चिरलेला मणीसुद्धा गोलच राहतो आणि नळीत नेमका बसतो. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, कडक गोळ्या या लहानग्यांच्या हाताशी ठेवू नका. रिटर्न गिफ्टच्या पिशवीत गोळ्या घालायची पद्धत आहे, तिथे तिळाची मऊ वडी किंवा राजगिऱ्याचा लाडू घाला. फुगा फुटला की त्याचे तुकडे लगेच उचलायला एका मोठ्या मुलाला नेमा, तेही मुलं तोंडात घालतात.

खाताना सगळ्यांना बसवा. सतरंजी अंथरा, रांगेत बसवा, पंधरा मिनिटं खेळ बंद. मूल पळता पळता खात असेल तर काय खातंय याला अर्थ राहत नाही. माझ्या वर्गात "आता आपण पंगतीला बसायचं" म्हटलं की मुलांना तोच खेळ वाटतो. "वदनी कवळ" म्हणायला लावा, सगळ्यांना येतं, आणि तेवढ्या वेळात वाढून होतं.

चुकून कुणाच्या घशात अडकलंच, मूल खोकत असेल तर त्याला खोकू द्या, बोट घालून काढायला जाऊ नका. खोकला आणि आवाज बंद झाला तर एकाने लगेच १०८ ला फोन करायचा. दुसऱ्याने मुलाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधे तळहाताच्या मुळाने ५ जोरदार थापा द्यायच्या. त्याने नाही निघालं तर मागून मिठी मारून बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वरच्या बाजूला ५ हिसके, पुन्हा थापा, असं आलटून पालटून. पोटाचा हिसका एक वर्षाच्या आतल्या बाळाला द्यायचा नसतो. तुमच्या मिसेस नर्स आहेत, त्यांना हे माझ्याहून चांगलं येत असेल. त्या दिवशी वर त्या असतील ना, मग काळजी नाही.

आणि निमंत्रणाच्या मेसेजमध्येच एक ओळ टाका: "मुलाला एखादा पदार्थ चालत नसेल किंवा अ‍ॅलर्जी असेल तर कळवा." शेंगदाण्याची, दुधाची, अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली मुलं आता वर्गात एखाद-दुसरं असतंच. दारात आल्यावर कळून उपयोग नसतो.


मखमलाबादचा_शेतकरी

द्राक्षांचा विषय निघाला म्हणून लिहितो, एरवी मी नुसता वाचत असतो.

बाजारात घेताना लोक वरचा मणी तोडून चाखतात आणि घड गोड म्हणून घेऊन जातात. घड वरून पिकत येतो, खालच्या टोकाचा मणी सगळ्यात शेवटी. टोकाचा मणी चाखा. तो गोड लागला तर अख्खा घड गोड. मण्यावर पांढरी भुकटी दिसते ती सगळीच औषधाची नसते, द्राक्षाची स्वतःची लव असते, ती ताज्या मालाची खूण. बोट फिरवलं की पुसली जाते. पण फवारण्या होतात हे खोटं नाही, मीच करतो. मोठ्या भांड्यात पाण्यात बुडवून ठेवा, दोन पाणी बदला, मग नळाखाली चोळून धुवा. देठासकट धुवा, मणी सुटे करून धुतले की देठाच्या छिद्रातून पाणी आत जातं आणि ते लवकर नासतात.

मुलांना लांबट सोनाका आवडतो. चिरायला पण तो बरा, हातात धरता येतो. काळा शरद घेऊ नका गच्चीवर, पांढरे कपडे असतात. बावीस पोरांना दोन किलो खूप झाले.

फेब्रुवारीचा शेवट म्हणजे आमचा ऐन हंगाम. मखमलाबाद नाक्यावर शुक्रवारी संध्याकाळी असतो मी, मेसेज करा, घरच्या बागेतला देतो. पैसे घेईन, भाव मात्र बाजाराचा नाही.


अंबडचा_बाबा

एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं. दोन दिवस वाचतोय आणि लिहून घेतोय. त्या मुलीच्या आईशी बोललो. पाव चालतो, आंबवलेली इडली नको म्हणाल्या. केकची वेळ सव्वासहा सांगितल्यावर त्या म्हणाल्या, मग मी डबा पाठवत नाही. इडलीच्या जागी तिच्यासाठी काय ते माझ्या लक्षात येत नाहीये.

बाकी ठरलेलं असं. मुलांना केळ्यांची पावभाजी, तुपात परतलेली इडली, द्राक्षं चिरून, लिंबू सरबत. मोठ्यांना नेहमीची पावभाजी, चिवडा, कांदा-लिंबू. केक अंड्याविरहित, दीड किलो. शिरा आई करणार म्हणते, "बसून करते" असा शब्द दिलाय. मेसेजमध्ये अ‍ॅलर्जीची ओळ टाकली आणि एका मुलाच्या बाबांनी लगेच कळवलं की त्याला शेंगदाणे अजिबात नकोत. म्हणजे आता चिवड्याचं काय?

आणि काकू, गॅस वर नेता येत नाही, तर ८० पाव भाजायचे कधी आणि गरम कसे राहणार? सरबताचा अंदाज पण सांगा. वेळेचं गणितही जुळत नाहीये माझं, बायको येईपर्यंत मी एकटाच आहे.


सिडकोची_काकू

शेंगदाण्याचं आधी. चिवडा गच्चीवर नेऊच नका. आपला नाशिकचा चिवडा तसाही मुलांना झणझणीत लागतो. तो खाली घरात मोठ्यांसाठी, झाकणाच्या डब्यात, ज्याने खाल्ला त्याने हात धुवायचे. मोठ्यांना तर म्हणते मी, खालीच जेवू घाला. मुलांची पंगत वर आटोपली की मोठ्यांनी चार-चार जण खाली उतरायचं, तवा तापलेलाच आहे, लोण्यात भाजलेला पाव गरम गरम ताटात. वर नेऊन गार करण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं. वर मुलांपाशी नेहमी चार मोठे असले पाहिजेत, एवढं बघा.

मुलांचे पाव मात्र आधी भाजायचे. साडेपाचला सुरुवात करा, दोन तवे लावा. हलकेच भाजा, कडक नको. स्टीलच्या डब्यात तळाला सुती कापड, त्यात पाव, वरून कापड दुमडून झाकण थोडं उघडं. अर्धा तास ऊबदार आणि मऊ राहतात. मुलांना कुरकुरीत पाव नकोच असतो. प्रत्येक पावाचे चार तुकडे आधीच करून ठेवा, भाजी ताटलीत दोन चमचे. मागितली तर पुन्हा वाढा. पहिल्याच वाढपात ताटली भरू नका, टाकून देतात.

त्या मुलीसाठी इडलीऐवजी रव्याचा ढोकळा करा, पण तो आंबवून नाही. रवा, ताजं गोड दही, पाणी, मीठ, पंधरा मिनिटं भिजवायचं आणि वाफवायच्या आधी फ्रूट सॉल्ट. इडलीपात्रातच वाफवा म्हणजे दिसायला इडलीसारखाच, तुकडेही तसेच करा. दह्याचं तिच्या आईला एकदा विचारा, काही घरांत दह्याचेही नियम असतात. खरं सांगू का, मी तुमच्या जागी असते तर सगळ्याच मुलांना हेच केलं असतं. तांदूळ भिजवा, वाटा, पीठ फुगतं का बघा, सगळंच वाचलं. एक किलो रव्यात तुमच्या ४० होतील, जरा जास्तच. फ्रूट सॉल्ट मात्र एकदम सगळ्या पिठात घालू नका. जेवढं एका वेळी पात्रात मावतं तेवढंच पीठ वाटीत घेऊन त्यात घालायचं आणि लगेच वाफेला. घालून ठेवलं की फुगवटा बसतो आणि इडलीचा पेढा होतो.

सरबत सहा लिटर करा. वीस लिंबं, सहाशे-सातशे ग्रॅम साखर, मीठ, थोडी वेलची. साखरेचा पाक आदल्या रात्रीच करून गार करा, लिंबू मात्र चारनंतर पिळा, आधी पिळलं की कडवटपणा येतो. बाहेरचा बर्फ आणू नका, तो कुठल्या पाण्याचा असतो काय माहीत. त्याऐवजी पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या आदल्या रात्री फ्रिजमध्ये.

आता वेळ. शुक्रवारी रात्री: मटार सोललेले, सिमला चिरलेली, टोमॅटो धुतलेले, ताटल्या-पेले मोजलेले, पाक तयार. चिरलेल्या भाज्या फ्रिजमध्ये. शनिवारी सकाळी दहापर्यंत केळी आणि बटाटे उकडून मोकळे. बाराच्या आत मोठ्यांची भाजी फोडणीला टाकून पूर्ण करा. ती मुरली की अधिक चांगली लागते. गार झाली की फ्रिजमध्ये, संध्याकाळी खळखळून उकळी आणा. एवढं पातेलं फ्रिजमध्ये मावत नाही म्हणून ओट्यावर सोडू नका, दोन-तीन लहान भांड्यांत काढा. दुपारी रव्याच्या इडल्या, त्या झाल्या की ओल्या फडक्याखाली. मुलांची केळ्यांची भाजी साडेतीनला, ती ताजीच हवी. तोवर बायको येईल. आल्या आल्या तिला ओट्याशी उभं करू नका हं, रात्रपाळी असो की सकाळपाळी, हॉस्पिटलातून आलेल्या माणसाला आधी चहा द्यायचा. द्राक्षं चिरायला तिच्याकडे द्या, बसून.

पाव भाजायला तुमच्या मजल्यावरच्या दोन बाबालोकांना आत्ताच सांगून ठेवा. ते तसेही गच्चीवर कठड्याला टेकून क्रिकेटच बोलणार असतात.


मिसळ_एके_मिसळ

पाव भाजायला मी येतो. पाथर्डी फाटा म्हणजे आमच्याकडून दहा मिनिटं. मोठ्यांच्या भाजीत थोडी तर्री टाकायला परवानगी द्या फक्त.


अंबडचा_बाबा

या, या. तर्री खालच्या पातेल्यात, वरच्या नाही.

काकू, रवा ठरला. दह्याचं विचारलं, ताजं असेल तर चालेल म्हणाल्या. शेतकरीदादा, तुम्हाला मेसेज केलाय, दोन किलो सोनाका, शुक्रवारी सहा वाजता नाक्यावर.


मखमलाबादचा_शेतकरी

मिळाला मेसेज. तीन किलो ठेवतो, आजींना एक किलो वेगळा. येताना टोपली आणा, प्लॅस्टिकच्या पिशवीत मणी दबतात.